आईविना वाढणारी पिले आणि त्यांचे पाय

मराठी आणि कानडी एकाच चुलीवर शिजणाऱ्या आपल्या घरांत शब्दांचे घोटाळे नवे नाहीत. गोकाककडची नवी सून परसातून हाक मारते, "अत्ती, कोळी मरी कुंटाकत्ताव!" सासू कागल-गडहिंग्लजकडची असेल, तर ती 'मरी' या शब्दानेच दचकते. कानडीत 'कोळी' म्हणजे कोंबडी आणि 'मरी' म्हणजे पिलू. मराठीत 'मरी' म्हणजे गावावर येणारी साथ. सून एवढेच सांगत असते, की कोंबडीची पिले लंगडताहेत. सासूच्या डोळ्यांपुढे मात्र मरीआईचा गाडा उभा राहतो.

गंमत बाजूला ठेवली, तरी प्रश्न खरा आहे. काल टुणटुण उड्या मारणारे पिलू आज बसून राहते, एक पाय ओढते, बोटे मुठीसारखी आवळते किंवा दोन्ही पाय फाकवून पोटावर पडते. मग घरात सल्ल्यांचा पाऊस पडतो. कुणी दृष्ट काढते, कुणी पायाला काळा दोरा बांधते, कुणी हळद-तेल चोळते. कुणी औषधाच्या दुकानातून माणसाची गोळी आणून तिचा चतुर्थांश चोचीत कोंबते. नाहीच जमले तर सुरी असतेच.

वाचकहो, लंगडणे हा आजार नव्हे, ती आजाराची खूण आहे. माणसाला ताप येतो तसेच हे. ताप सर्दीचा असतो, हिवतापाचा असतो आणि टायफॉइडचाही असतो. तिन्हींना एकच औषध चालत नाही. पिलाच्या लंगडण्यामागेही आठ-दहा वेगवेगळी कारणे असतात. त्यांतली काही घरच्या घरी चार दिवसांत बरी होतात, काहींवर इलाजच नसतो आणि एखादे कारण गल्लीतल्या सगळ्या कोंबड्या घेऊन जाते. हा फरक ओळखता आला, तर पिलूही वाचते आणि घरातल्या बाईचे अंड्यांचे चार पैसेही वाचतात. निपाणीच्या बाजूला विड्या वळून संसार करणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. ज्या पैशाचा हिशेब कुणाला द्यावा लागत नाही, तो पैसा बहुधा खुराड्यातूनच येतो.

पूर्वी का होत नव्हते?

जुनी माणसे म्हणतात, "आमच्या वेळी पिलांचे पाय कधी गेले नाहीत." हे अगदी शंभर टक्के खरे नसले, तरी त्यात तथ्य आहे. त्या वेळी पिलाला आई होती. खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसायची, पिले निघाली की त्यांना घेऊन उकिरड्यावर जायची. पिलांच्या पायाखाली माती होती, अंगावर कोवळे ऊन होते. चोचीत किडा, वाळवी, कोवळे गवत आणि जोंधळ्याचा दाणा पडत होता. थंडी वाजली की आईच्या पंखाखाली शिरायचे.

आता परसात येणारी बरीच पिले यंत्रात उबवलेली असतात. बंगळूरच्या हेब्बाळला तयार झालेली गिरिराज, हैदराबादची वनराजा, बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाची स्वर्णधारा या जाती आपल्याकडच्या जवारी कोंबडीपेक्षा लवकर भरतात आणि अंडीही जास्त देतात. म्हणून लोक त्या हौसेने पाळतात. त्यात गैर काही नाही. पण गिरिराज कोंबडी सहसा खुडूक होत नाही, म्हणजे पिलू आणायचे ते उबवणी केंद्रातूनच. ते पुठ्ठ्याच्या खोक्यात येते, बल्बखाली वाढते, रद्दी कागदावर उभे राहते आणि मूठभर कणी खाते. आई जे करत होती, ते आता आपल्याला करायचे आहे. त्यातले काही करायचे राहिले, की ते पहिल्यांदा पिलाच्या पायात दिसते. अंग झपाट्याने वाढते आणि ते सगळे वजन दोन काड्यांवर तोलायचे असते.

एक गोष्ट आधी समजून घेऊ. कोंबडीचा 'उलटा गुडघा' म्हणून आपण जो सांधा दाखवतो, तो तिचा गुडघा नाहीच, तो घोटा आहे. खरा गुडघा वर, मांडीच्या पिसांत लपलेला असतो. पिलू 'गुडघ्यावर बसते' असे आपण म्हणतो, तेव्हा ते घोट्यावर बसलेले असते. डॉक्टरांना सांगताना हे लक्षात ठेवावे.

पहिला आठवडा : पाय फाकणे

दोन-चार दिवसांच्या पिलाचे पाय दोन बाजूंना फाकले, तर प्रथम त्याच्या पायाखाली काय आहे ते पाहा. बहुतेक वेळा गुळगुळीत वर्तमानपत्र, प्लास्टिकचा टब किंवा फरशी असते. पाय घसरतात, कोवळे स्नायू ताणले जातात आणि पाय जागेवर राहत नाहीत. उबवणी यंत्रातली उष्णता किंवा ओलावा बिघडला, तरी अशी पिले निघतात.

उपाय सोपा आहे. खाली खरखरीत गोणपाट अंथरा, नंतर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा चालेल. दोन्ही पायांना घोट्याखाली मऊ कापडाची किंवा चिकटपट्टीची सैल बेडी घाला. दोन पायांत साधारण इंचभर अंतर राहिले पाहिजे. पट्टी इतकी घट्ट नको, की बोटे थंड पडतील. पाणी आणि खाणे तोंडाशी ठेवा. दोन ते चार दिवसांत बहुतेक पिले सरळ उभी राहतात. मात्र हे पहिल्या दोन-तीन दिवसांतच करावे. आठवडा उलटला की हाडे तशीच घट्ट होऊ लागतात.

दुसरा-तिसरा आठवडा : आवळलेली बोटे

पिलू तरतरीत आहे, खाते आहे, पण बोटे आतल्या बाजूला वळून मूठ झाली आहे आणि ते घोट्यावर सरकत चालते आहे. हे बहुतेक वेळा ब-२ जीवनसत्त्वाच्या, म्हणजे रायबोफ्लेव्हिनच्या कमतरतेने होते. कणी म्हणा की नुच्चू म्हणा, नुसत्या तांदळावर किंवा नुसत्या मक्यावर पिलू पोसले, की ही वेळ येते. पोट भरते, पण नसांना हवे ते मिळत नाही.

ताक, म्हणजे आपली मज्जिगे, थोडा वेळ ठेवले की वर पाणी सुटते. त्याला हिरवट-पिवळी झाक असते. ती झाक रायबोफ्लेव्हिनचीच. म्हणून पिलांच्या खाण्यात रोज थोडे ताजे ताक कालवावे. त्याशिवाय मेथी, पालक, शेवग्याचा कोवळा पाला बारीक चिरून द्यावा, घरात शिजवलेल्या काळजाचा तुकडा कुस्करून द्यावा. पण बोटे वळलेलीच असतील, तर नुसत्या ताकावर विसंबू नये. जनावरांच्या डॉक्टरांकडून ब-जीवनसत्त्वाचे औषध आणून पाण्यातून द्यावे. लवकर दिले तर गुण दिसतो. उशीर झाला आणि नस कायमची बिघडली, की मग औषधाचा उपयोग होत नाही.

कोंबडीच्या पायांनी माणसाला जीवनसत्त्वांची वाट कशी दाखवली, ते इथे सांगायलाच हवे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजच्या जाकार्ताला, म्हणजे तेव्हाच्या डच अमलाखालील बटाव्हियात, ख्रिस्तियान आइकमन हा डॉक्टर बेरीबेरीचा शोध घेत होता. या रोगात माणसांचे पाय लुळे पडत. आइकमनला वाटे, हा जंतूंचा रोग असावा. एके दिवशी प्रयोगशाळेच्या आवारातल्या कोंबड्याच लंगडू लागल्या, पडू लागल्या. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केल्यावर कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा, पॉलिशचा भात घातला जात होता. नवा आचारी आला आणि लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना द्यायला त्याने नकार दिला. मग त्यांना साधा, कोंड्यासकटचा तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या!

त्यावरून आइकमनने पद्धतशीर प्रयोग केले. १९०१ मध्ये त्याचा सहकारी खेरिट ग्राइन्स याने सांगितले, की कोंड्यात शरीराला लागणारे काहीतरी असते आणि पॉलिश करताना ते निघून जाते. पुढे कासिमिर फुंक याने १९१२ मध्ये अशा द्रव्यांना 'व्हिटॅमिन' हे नाव सुचवले. आइकमनला १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तिथे कमी होते ते ब-१ आणि आपल्या पिलाची बोटे आवळतात ती ब-२ ने. पण धडा एकच आहे. तांदूळ जितका पांढरा, तितका पाय कच्चा.

ऊन आणि चुना

खानापूरकडच्या पावसात किंवा बेळगावच्या श्रावणझडीत पिले दिवस-दिवस डालग्याखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात राहतात. अशा पिलांना मुडदूस होतो, अगदी लहान मुलांना होतो तसाच. पाय वाकतात, सांधे जाड दिसतात, पिलू चालायला कंटाळते. चोच बोटाने दाबली तर रबरासारखी लवते. ही मोठी खूण आहे. कारण ड जीवनसत्त्व नाही, आणि ते नसले की खाल्लेला चुना हाडात जात नाही. उघडीप मिळाली की पिलांना अंगणात सोडा. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन या कामाचे नाही. ज्या किरणांची गरज असते, ते काचेतच अडतात. पाऊस हटतच नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यावेत.

पण म्हणून चुन्याचा मारा करू नये. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात चुना भरपूर असतो, कारण त्यांना कवच बनवायचे असते. लहान पिलांना लागतो त्याच्या तिप्पट-चौपट तो असतो. तेच खाद्य पिलांना घातले, तर त्यांचे मूत्रपिंड बिघडते आणि पायही बिघडतात. पिलांना पिलांचेच 'स्टार्टर' खाद्य द्यावे. शिंपल्यांची पूड तलंग अंड्यावर आली की सुरू करावी.

घोट्यावरून घसरलेली शीर

आणखी एक प्रकार आहे. एकाच पायाचा घोटा सुजून चपटा दिसतो आणि पायाचा खालचा भाग बाहेरच्या बाजूला फिरतो. पिलू दुखणाईत वाटत नाही, पण तो पाय टेकतच नाही. घोट्याच्या मागून जाणारी जाड शीर जागेवरून घसरलेली असते. मँगनीज आणि कोलीन ही द्रव्ये खाण्यात कमी पडली, की असे होते. पटापट वजन धरणाऱ्या जातींत हे जास्त दिसते. मक्यात मँगनीज फार कमी आणि तांदळाच्या व गव्हाच्या कोंड्यात भरपूर असते. गिरणीतला कोंडा म्हशीला जातो, त्यातली मूठभर पिलांच्या खाद्यात मिसळली तर बिघडत नाही. घसरलेली शीर पहिल्या दिवशीच जाणकाराने बसवली तर कधी बसते. नंतर मात्र नाही. म्हणून इथे खबरदारी हाच खरा उपाय.

आठवडी बाजारात मोटारसायकलवर खोकी लादून येणाऱ्या विक्रेत्याकडून स्वस्तात पिले घेताना ती ब्रॉयलरची तर नाहीत ना, हे विचारावे. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंवर जाते. तेवढ्या वजनाला गावठी कोंबडी वर्षभरातही क्वचितच पोचते. ब्रॉयलर पिलू परसात वर्षभर ठेवायचे म्हटले, की त्याचे पाय त्याच्याच वजनाने मोडतात. तो त्या पिलाचा दोष नाही आणि आपल्या खाण्यापिण्याचाही नाही.

इथे घरगुती उपाय थांबवा

आतापर्यंतची कारणे एकापासून दुसऱ्याला लागणारी नव्हती. पुढची तशी नाहीत.

पहिला मरेक्स. १९०७ मध्ये बुडापेस्टच्या योझेफ मारेक या पशुवैद्याने लुळ्या पडलेल्या चार कोंबड्यांवरून त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. साधारण दीड महिन्यापासून चार-पाच महिन्यांपर्यंतच्या पक्ष्यांत हा दिसतो. एक पाय पुढे आणि एक मागे ताणून तलंग आडवी पडते, पंख लोंबतो, अंग सुकत जाते. हा विषाणूचा रोग आहे आणि त्यावर औषध नाही. पिसांच्या कोंड्यातून, धुळीतून तो पसरतो आणि खुराड्यात दीर्घकाळ टिकतो. लस आहे, पण ती पिलू निघाल्याच्या दिवशी मानेच्या कातडीखाली द्यायची असते, म्हणजे उबवणी केंद्रातच. म्हणून पिले घेताना भाव विचारण्याआधी विचारावे, "मरेक्सची लस दिली आहे का?" नवी पिले जुन्या कोंबड्यांपासून पहिले काही आठवडे वेगळी ठेवावीत. हा रोग माणसाला होत नाही, म्हणून मुलांना घाबरवू नये.

दुसरा राणीखेत. मराठीत याला मानमोडी म्हणतात आणि कानडीत कोक्करे रोग. नावे दोन असली, तरी रोग एकच. सासूने मानमोडी सांगितली आणि सुनेने डॉक्टरांकडे कोक्करे म्हटले, तरी दोघी तेच बोलत असतात. यात एक पिलू लंगडत नाही, एकदम बरेच पक्षी पडतात. हिरवट पातळ विष्ठा, उघड्या चोचीने श्वास, पंख-पाय लुळे आणि मान पिळवटलेली. असे दिसले की त्या कोंबड्या बाजारात नेऊन विकू नयेत, पाहुण्यांकडे पाठवू नयेत. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकू नयेत, चुना घालून खोल पुराव्यात. आणि लगेच पशु दवाखान्यात कळवावे, कारण एकदम मरतूक झाली तर ती बर्ड फ्लूचीही असू शकते. तो तपास डॉक्टरांनीच करायचा.

राणीखेतची लस स्वस्त आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास तीच पुन्हा देतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीचे इंजेक्शन देतात. हे दुसरे इंजेक्शन फार लवकर, कोवळ्या पिलांना दिले, तर त्यानेच पाय लुळे पडू शकतात. म्हणून वयाचा हिशेब पाळावा. अडचण एकच आहे. एका बाटलीत शंभर किंवा अधिक पक्ष्यांची लस असते आणि फोडलेली बाटली लगेच संपवावी लागते. आपल्याकडे पिले दहा. यावर गल्लीतल्या बायकांनी एकत्र येणे हाच तोडगा. बर्फ घातलेल्या थर्मासमधून बाटली आणावी आणि एका संध्याकाळी साऱ्या घरांतली पिले उरकावीत.

तिसरे कारण सांध्यात पू होणे. घोटा गरम लागतो, सुजतो, पिलू मलूल होते. तळपायाला काटा, तार किंवा उंचावरून उडी मारताना लागलेली जखमही चिघळते. यावर डॉक्टर प्रतिजैविक देतील, पण तेच देतील. माणसाच्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत. त्यांचा अंश अंड्यात आणि मांसात उतरतो आणि आपल्याच मुलांच्या पोटात जातो. औषध चालू असताना आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे विचारून घ्यावे. कोलिस्टिन हे औषध माणसाच्या अखेरच्या लढाईसाठी राखून ठेवावे, म्हणून भारत सरकारने २०१९ मध्ये खाण्याच्या जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. प्रश्न किती गंभीर आहे, हे यावरूनच कळावे.

तीन प्रश्न

तेव्हा पिलू लंगडले, की हळदीची वाटी आणण्याआधी तीन प्रश्न विचारा. वय किती दिवसांचे? एकच लंगडते की अनेक? पाय कुठे आणि कसा वळला आहे? पहिल्या तीन आठवड्यांतले एखादे-दुसरे पिलू असेल आणि ते खातेपीते असेल, तर पायाखालचे आणि चोचीतले बदला. दीड महिन्यानंतरचे असेल, अनेक असतील किंवा सांधा गरम असेल, तर डॉक्टरांना गाठा. फिरत्या पशु दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक कर्नाटकातही आहे आणि महाराष्ट्रातही. आपल्या जिल्ह्यात मत्तिकोप्प आणि तुक्कानट्टी इथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, तिथेही सल्ला मिळतो. पिलू मेलेच, तर ते लगेच, बर्फात ठेवून दवाखान्यात न्यावे. उघडून पाहिले की कारण कळते आणि बाकीची वाचतात.

आजारी पिलू वेगळ्या खोक्यात, पण इतरांचा आवाज येईल असे ठेवावे. एकटे पडले की ते खाणे सोडते. इतरांत ठेवले तर ती त्याला टोचून मारतात. दिवसातून दोन-तीनदा कूस बदलावी, पाणी चोचीपाशी धरावे. आणि उपाय हरले, ते नुसते तडफडते आहे असे दिसले, तर त्याचे हाल लांबवू नयेत. घरातली मुले अशा वेळी रडतात, त्यांना रडू द्यावे. "त्यात काय, कोंबडीच तर होती," असे मात्र म्हणू नये. जीव सांभाळायचा म्हणजे काय, हे त्यांना त्याच खोक्यापाशी कळलेले असते.

आईविना आलेले पिलू आपण हौसेने घरात घेतो. तेव्हा माती, ऊन, ऊब आणि सकस दाणा एवढे आईपण आपल्याकडे आलेच. पाय त्यावरच उभे राहतात.